पोथी कोणी जगविली?

मडगावात एका स्नेह्यांच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी आम्ही आठ-दहा मंडळी जमतो. या बैठकीस नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. आणि वकिली पेशातली दोन-तीन माणसे तिच्यात असूनही तिची नोंदणी करून घेण्याचे अद्याप कोणास सुचलेले नाही. नियम एवढाच की, प्रत्येकाने आपण सध्या काय वाचीत आहोत आणि त्यात आपणांस काय आवडले, ते सांगावयाचे. कोणी मराठीत सांगतो, कोणी कोंकणीत. पुष्कळ वेळा वाक्य एका भाषेत सुरू होते आणि दुसरीत संपते. कोणाच्या हाती प्रवासवर्णन असते, कोणाच्या हाती जुन्या बखरीची नवी आवृत्ती. चहा दोनदा होतो. पावसाळ्यात वीज गेली म्हणजे समई लावून बोलणे पुढे चालते.

गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका बैठकीस आमच्या हाताखाली काम शिकणारा एक तरुण वकील आला होता. सर्वांचे सांगून झाल्यावर त्याने नम्रपणाने, परंतु स्पष्ट, असे विचारले की, या सांगण्याने होते काय? पुस्तके छापली जातात, ग्रंथालयांत ठेवली जातात, आता तर त्यांच्या पानापानाची छायाचित्रे काढून ती यंत्रांत साठविली जातात. मग चार माणसांनी चहा पिता पिता एखाद्या पुस्तकाविषयी बोलले काय आणि न बोलले काय, त्या पुस्तकाचे त्यावाचून काय अडते?

प्रश्न उद्धट नव्हता, आणि आम्हांस त्या वेळी त्याचे धड उत्तरही देता आले नाही. परंतु बैठकीतले एक वृद्ध शिक्षक, मूळचे मंगळूरकडचे आणि नोकरीच्या निमित्ताने गोव्यात स्थिरावलेले, त्या दिवशी 'ख्रिस्तपुराण' वाचीत असल्याचे सांगत होते. त्यांनी उत्तर असे दिले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की, त्यांच्या आजीस अक्षरओळख नव्हती. तरी कोरेज्माच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासाच्या, दिवसांत ती काही ओव्या म्हणत असे. पुढे कितीतरी वर्षांनी छापील पुस्तक हाती पडले तेव्हा त्याच ओव्या त्यांस त्यात आढळल्या. "बाय वाचूंक शिकूंक नाशिल्ली," ते म्हणाले, "पूण पुस्तक तिच्याकडेन आशिल्लें."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. ज्या स्त्रीस वाचता येत नाही तिच्यापाशी पुस्तक होते, याचा अर्थ काय? आम्हांस पुराव्याची सवय. म्हणून या एका ग्रंथाचा इतिहास आम्ही पुराव्याच्या दृष्टीने पुन्हा पाहिला. जे आढळले ते येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, एकट्याने, मनातल्या मनात, दार लावून वाचणे ही आपल्याकडे फार जुनी रीत नव्हे. आपल्या वाडवडिलांनी पोथी 'वाचली' असे म्हणण्यापेक्षा पोथी 'लावली' असे म्हणणे अधिक बरोबर. श्रावणात किंवा चातुर्मासात कोणाच्या तरी ओसरीवर ती लागे. रुमालाची गाठ सुटे, सुटी पाने एकामागून एक उलटली जात, एक वाची आणि वीस जण ऐकत. अर्थ सांगणारा निराळा असे. शंका विचारणारा त्याहून निराळा. पोथीचा मालक एक, पण तिचे वाचक साऱ्या वाड्यातले. नकलून घेणाऱ्याने शेवटी लिहावयाच्या संस्कृत श्लोकांत पोथी तेलापाण्यापासून जपावी, तिचे बंधन सैल होऊ देऊ नये आणि ती मूर्खाच्या हाती देऊ नये, अशी विनवणी असते. यातले शेवटचे कलम आपल्या लोकांनी कधीच कसोशीने पाळले नाही, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. पोथी मागावयास आलेल्या शेजाऱ्यास मूर्ख ठरविणे कोणाच्याही जिवावर येते.

गोव्यातही अशीच वहिवाट होती. साष्टीतल्या केळशी गावच्या कृष्णदास शामाने श्रीकृष्णाचे चरित्र मराठी ओवीत रचिले ते १५२६ साली. पोर्तुगीजांनी गोवा बेट घेतले होते १५१० मध्ये. पण साष्टी अद्याप त्यांच्या ताब्यात गेली नव्हती. ती गेली १५४३ मध्ये, बारदेशासह. त्यानंतरच्या काही दशकांत देवळे पाडली गेली, देव खाडीपलीकडे नेले गेले, आणि देवांबरोबर पोथ्यांवरही संकट आले.

या संकटाची एक नोंद जेजुइटांच्याच पत्रव्यवहारात आहे. १५५९ साली दिवाडी बेटातला एक नवख्रिस्ती ब्राह्मण अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन एका हिंदू ब्राह्मणाच्या घरी गेला. या दुसऱ्या ब्राह्मणाने आठ वर्षे खपून व्यासादिकांचे ग्रंथ जमविले होते व त्यांची भाषांतरे चालविली होती. ते सर्व ग्रंथ तेथून उचलून पाद्र्यांच्या स्वाधीन करण्यात आले. हिंदूंच्या मताचे खंडन करावयास त्यांचा उपयोग करावा, असा हेतू होता. आठ वर्षांचे श्रम एका फेरीत गेले. त्या गृहस्थाच्या ओसरीवर त्यानंतरच्या श्रावणात काय झाले असेल, याविषयी पत्र लिहिणाऱ्यास कुतूहल नव्हते.

आता या कथेचे दुसरे टोक पाहा. पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांची तीन हस्तलिखिते आहेत. रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात आणि पुराणकथा मराठी पद्यात, असे त्यांतले वाङ्मय असून ते रोमी लिपीत उतरविलेले आहे. सोळाव्या शतकात गोव्यातल्या पाद्र्यांनी भाषा आणि धर्म समजून घेण्यासाठी ते लिहवून घेतले. कागद उत्तम राहिला, शाई राहिली, अक्षर राहिले. परंतु विसाव्या शतकात अभ्यासकांची दृष्टी त्यांच्याकडे वळेपर्यंत जवळजवळ साडेतीनशे वर्षे त्या ओव्या कोणी कोणास वाचून दाखविल्या नाहीत. ग्रंथ सुरक्षित होता. जिवंत होता असे म्हणवत नाही. ब्रागाचे उपकार आम्ही विसरत नाही. तथापि राखणे आणि जगविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे या साक्षीवरून सिद्ध होते.

इकडे साष्टीत लोक बाटले, नावे बदलली, पण कान बदलले नव्हते. जुनी पुराणे वर्ज्य झाली आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही. या पोकळीची साक्ष स्वतः फादर स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभी नोंदविली आहे. हा टॉमस स्टीफन्स इंग्रज होता. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. तो सांगतो त्याचा मथितार्थ असा: एका रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणे चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूपुढे आला. ही शिकवण चांगली आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. तर त्यांसारखे काही आमच्या भाषेत आम्हांस का देत नाही, अशा आशयाचे त्याने विचारले. त्या मागणीतून 'ख्रिस्तपुराण' जन्मास आले.

आमच्या मते मराठी ग्रंथांच्या इतिहासातील हा एक विलक्षण प्रसंग आहे. ग्रंथकार वाचक शोधीत गेला नाही. वाचक ग्रंथकाराकडे चालत आला. ज्याच्यापासून पोथी हिरावली होती त्यानेच, हिरावणाऱ्यांच्या पंथातील एका माणसाकडे, नव्या पोथीची मागणी केली. दिवाडीतल्या फेरीस उलटून कित्येक वर्षे झाली होती. तरी ओसरीवर बसून ऐकण्याची भूक गेली नव्हती.

स्टीफन्सने ती भूक ओळखली. त्याने पुराणाचाच घाट घेतला, ओवीच घेतली, आणि जुन्या व नव्या करारांतील कथा मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या रचिल्या. भाषेविषयीही त्याने खुलासा केला आहे. ग्रंथ मराठीत आहे. परंतु निव्वळ मराठी शब्द सामान्य श्रोत्यांस कळणार नाहीत म्हणून येथल्या लोकांच्या बोलीतले सोपे शब्द त्याने पुष्कळ ठिकाणी घेतले. या ग्रंथावर मराठीचा हक्क किती आणि कोंकणीचा किती, हा दावा आजही अधूनमधून आमच्या बैठकीत उभा राहतो. आमचे मत असे की, ग्रंथकारानेच दोघींच्या नावे मिळकत करून ठेवली असता वाटणीचा अर्ज करण्याचे कारण नाही.

छापण्याचा प्रश्न त्याहून अवघड होता. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण देवनागरी खिळे नव्हते. १६०८ च्या डिसेंबरात आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखास लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सने, या प्रांतात येथल्याच भाषेत आणि येथल्याच लिपीत काही ग्रंथ छापलेले पाहावेत, अशी इच्छा व्यक्त केली. अडचण त्याने स्वतःच सांगितली आहे: युरोपीय वर्ण चोवीस, आणि इकडच्या जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे पाडावे लागणार. ते झाले नाही. ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर, म्हणजे राशोल, येथे रोमी लिपीत छापला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या, आणि त्याही अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाच्या! चर्चमध्ये आणि घरोघर ते वाचले जाई, गायले जाई. ओसरी पुन्हा भरली होती.

मग कायदा आडवा आला. २७ जून १६८४ रोजी विजरई कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की, येथील लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. आम्ही अनेक हुकूम वाचले आहेत. परंतु एका समाजाने तीन वर्षांत आपली मातृभाषा विसरावी असा आदेश देणाऱ्याच्या आत्मविश्वासाचे आम्हांस आजही नवल वाटते. १७५४ मध्ये तर गोव्यातली छपाईच बंद करण्यात आली, ती १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे सदुसष्ट वर्षे गोव्यात छापखाना नव्हता. ज्या भूमीत भारतातला पहिला छापखाना आला, त्या भूमीची ही अवस्था.

आता तरुण वकिलाच्या प्रश्नाकडे वळू. पुस्तके छापली जातात, ती राहतात, असे तो म्हणाला होता. 'ख्रिस्तपुराण' तीनदा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे असल्याचे ठाऊक नाही. रायतूरास नाही, लिस्बनला नाही, रोमला नाही. वाळवी, दमट हवा, हुकूम आणि अनास्था यांपैकी कोणी किती प्रती खाल्ल्या याचा हिशेब लागणे नाही. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर मूळ दस्तऐवज समूळ नष्ट झाला आहे.

आणि तरीही ग्रंथ आमच्या समोर आहे. तो कसा? मूळ दस्तऐवज नष्ट झाला तर नक्कल पुराव्यात घेता येते, हे कायद्याचे तत्त्व सर्वांस ठाऊक आहे. पण तेथे नक्कल अस्तित्वात असावी लागते, आणि नक्कल करणारास ती करावीशी वाटावी लागते. छापील प्रती दुर्मिळ झाल्या तेव्हा लोकांनी घरी बसून हा ग्रंथ हाताने उतरवून घेतला. अकरा हजार ओव्या उतरविणे म्हणजे काय, हे ज्याने एखादे शंभर पानी कैफियतनामेही हाताने लिहिले आहेत तोच जाणेल. एकाने वाचला, दुसऱ्यास सांगितला, दुसऱ्याने मागून नेला, नकलून घेतला. छापलेला ग्रंथ उलट पावली चालत पुन्हा पोथी झाला!

सतराव्या-अठराव्या शतकांत गोव्यातील अनेक कोंकणी ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस मंगळूरच्या बाजूस जाऊन राहिली. त्यांच्या सामानातून या पोथ्या गेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने त्या प्रदेशातील हजारो ख्रिस्ती लोकांस पकडून श्रीरंगपट्टणास नेले, आणि १७९९ मध्ये टिपूचा पाडाव होईपर्यंत जे वाचले ते त्या कैदेत राहिले. त्या पंधरा वर्षांत धीर देणारे जे काही होते त्यात 'ख्रिस्तपुराणा'च्या ओव्या होत्या, असे मंगळूरकडील परंपरा सांगते. परंपरा हा ऐकीव पुरावा, हे आम्ही जाणतो. परंतु कैदेतून परत आलेल्या या समाजाच्या घरांतच पुढे ग्रंथाची हस्तलिखिते सापडली, ही गोष्ट ऐकीव नाही.

ती हस्तलिखिते जमवून जोसेफ सालदान्य यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत दोनशे त्रेपन्न वर्षांचे अंतर होते. एवढ्या काळात ग्रंथास प्रकाशक नव्हता, विक्रेता नव्हता, राजाश्रय तर नव्हताच. केवळ वाचक होते, आणि ते एकमेकांशी बोलत होते.

साक्ष येथे संपत नाही. प्राच्यविद्येचे अभ्यासक विल्यम मार्सडन यांच्या संग्रहातून लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत गेलेले एक हस्तलिखित १९२५ च्या सुमारास डॉ. जस्टिन ॲबट यांच्या पाहण्यात आले; आपल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरे करणारे ते हेच ॲबट. हे हस्तलिखित देवनागरीत आहे, आणि रोमी पाठात जेथे पोर्तुगीज शब्द आहेत तेथे त्यात पुष्कळ ठिकाणी संस्कृत शब्द आढळतात. कोणता पाठ आधीचा, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. तो निकाल आम्ही देत नाही. आम्हांस महत्त्वाचे एवढेच वाटते की, हा ग्रंथ निरनिराळ्या लिपींतून, निरनिराळ्या कानांसाठी, लोकांनी आपापल्या परीने लिहून ठेवला. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, आणि स्टीफन्सने १६०८ मध्ये व्यक्त केलेली इच्छा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी सफल झाली. ती पुण्यात सफल झाली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तर निकाल काय द्यावा? ब्रागाची हस्तलिखिते राखली गेली, पण शतकानुशतके वाचली गेली नाहीत; 'ख्रिस्तपुराण' राखले गेले नाही, पण वाचले गेले. पहिल्यास विद्वानांनी शोधून काढावे लागले. दुसऱ्याची छापील प्रत एकही न उरता तो आजीच्या ओठांवर राहिला. हुकमाची सत्ता छापखान्यावर चालते, शाळेवर चालते, चर्चवरही चालते. दोन माणसे एकमेकांस आवडलेली गोष्ट सांगतात तेथे ती पोचत नाही. दिवाडीच्या त्या ब्राह्मणाची पोथी गेली ती एका घरी होती म्हणून. साष्टीची पोथी राहिली ती अनेक घरी होती म्हणून.

या निकालास एक मर्यादा आम्हीच घालतो. छपाई आणि ग्रंथालये यांची किंमत आम्ही कमी लेखीत नाही. दिवाडीच्या पोथ्यांची दुसरी प्रत कोठे असती तर आज आम्ही हळहळत बसलो नसतो. परंतु कपाटास कुलूप लावले म्हणजे ग्रंथाविषयीचे कर्तव्य संपले, अशी जी समजूत आपल्यात बळावत आहे, ती या इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद अशा गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांची स्थिती मंगळूरला गेलेल्या त्या कुटुंबांहून फारशी निराळी नाही. मूळ गाव दूर, राज्यव्यवहाराची भाषा निराळी, मुलांची शाळा तिसऱ्याच भाषेत. त्यांच्या जुन्या संग्रहांत मराठी ग्रंथ आहेत. ते कोणी उघडतो का, आणि उघडल्यावर शेजाऱ्यास जाऊन सांगतो का, एवढाच प्रश्न आहे. यंत्रात साठविलेली पानेही यास अपवाद नाहीत. न वाचलेले पान ब्रागात असो की यंत्रात, ते सारखेच मुके.

हे सर्व आम्ही पुढच्या बैठकीत त्या तरुण वकिलास सांगितले. त्याने पूर्वपक्ष सोडला असे म्हणता येणार नाही. आजी, ओव्या आणि पुस्तक यांत कार्यकारणसंबंध पुरेसा सिद्ध झाला नाही, असे त्याचे म्हणणे पडले. वकील चांगला होईल. परंतु निघताना त्याने वृद्ध शिक्षकांकडे 'ख्रिस्तपुराण' वाचावयास मागितले. त्यांनी क्षणभर विचार केला. पुस्तक जुने, बांधणी ढिली झालेली, आणि बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. मग त्यांनी ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळले, वर दोरी बांधली, आणि त्याच्या हाती दिले.

पुढच्या दुसऱ्या रविवारी काय वाचले ते सांगण्याची पाळी त्याची आहे.